ठकू टिटवीचा गोंगाट

एका जंगलात, बाळांनो, गप्प बसायची पद्धतच नव्हती. जो तो ओरडायचा. आणि ओरडायचा म्हणून जगायचा.

नीट सांगतो. त्या जंगलातून एक नदी जायची. उन्हाळ्यात ती आटून बोटभर व्हायची, आणि तिच्या कोरड्या पात्रात, गोट्यांमध्ये, ठकूबाई नावाची टिटवी राहायची. काठावर एक अर्जुनाचं झाड होतं. त्याच्या शेंड्यावर हुप्पाजी वानर. आणि पार पलीकडे टेकडीवर एक भेकर.

संध्याकाळी वाघीण पाण्याकडे निघाली की पहिली दिसायची ठकूबाईला. ती ओरडायची, "टिटीव! टिटीव!" ते ऐकून हुप्पाजी शेंड्यावरून "खॉक!" करायचा. ते ऐकून टेकडीवरचं भेकर भुंकायचं. तुम्ही दोनदा श्वास घ्याल, तेवढ्यात सगळ्या जंगलाला कळायचं, की बाई निघाल्यात, पाय उचला.

सात उन्हाळे हे तिघे एकत्र काम करत होते. ठकूबाईने भेकराचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. भेकराची तर अशी समजूत होती, की टिटवी हे नदीकाठचं एखादं झाड असावं. पण काम चोख होतं. त्यासाठी कोणी बैठक घेतली नव्हती, की कोणी कोणाला "पोचलं का?" म्हणून विचारलं नव्हतं. हाकेला उत्तर आलं, की पोचलं.

ठकूबाईची संध्याकाळची आणखी एक ओरड असायची. ती मात्र स्वतःच्या संसारापायी. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या गोट्यांत चार अंडी घालते, आणि ती गोट्यांसारखीच दिसतात म्हणून देवाचे आभार मानते. पण गव्यांचा कळप पाण्यावर यायचा तो नेमका तिथूनच, आणि एकेक गवा म्हणजे चार पायांवरची कोठी. ते दिसले की ठकूबाई त्यांच्या तोंडासमोर फडफडायची. "अरे बाबांनो, डावीकडून! डावीकडून!"

"आली कटकट," म्होरक्या पुटपुटायचा. पण डावीकडून जायचा.

टिटवा, म्हणजे ठकूबाईचा नवरा, चाऱ्याच्या नावाखाली पलीकडच्या काठावर असायचा. त्याचं या गोष्टीत काम नाही. संसारातही नव्हतं.

आता या सगळ्या ओरडण्याचं एक खातंही होतं. इशारा खातं. त्याचे प्रमुख होते भालेराव सांबर. शिंगं अशी, की एकावर धोतर वाळत घालावं आणि दुसऱ्यावर लुगडं. भालेरावांनी जन्मात एकही इशारा दिला नव्हता. पण त्यांचं दुःख ते नव्हतं. त्यांचं दुःख असं, की आपल्याला न विचारताच सगळं सुरळीत चाललंय. प्रमुखाला याहून मोठा अपमान नसतो, बाळांनो. मोठे व्हाल तेव्हा कळेल.

त्या वर्षी शहरातून मिठाराम पोपट परत आला.

मिठाराम तीन वर्षं एका गॅलरीत पिंजऱ्यात होता. पिंजऱ्यापाशी एक गृहस्थ टेबल टाकून बसायचे आणि घरूनच कचेरीचं काम करायचे. म्हणजे दिवसभर एका पेटीशी बोलायचे. ते ऐकून ऐकून मिठारामाला सात वाक्यं पाठ झाली. "आवाज येतोय का?" हे पहिलं. "तुम्ही म्यूटवर आहात" हे दुसरं. मग "स्क्रीन दिसतेय का?", "मागून फार गोंगाट येतोय", "हे आपण ऑफलाइन घेऊ" आणि "आणखी कोणाला काही?" सातवं वाक्य गृहस्थांचं नव्हतं, ते स्वयंपाकघरातून यायचं. "अहो, कुकर बंद करा, तीन शिट्ट्या झाल्या!"

ही सात वाक्यं मिठारामाने भालेरावांना एका दमात म्हणून दाखवली. भालेराव चाट पडले. सातवं तर त्यांना मुळीच कळलं नाही, म्हणून तेच सगळ्यात गहन वाटलं.

"दूर दूर बसून काम करायचं याचं सगळं शास्त्र आहे म्हणा की!" ते म्हणाले.

"आवाज येतोय का?" मिठाराम म्हणाला.

"येतोय, येतोय. आजपासून तुम्ही आमचे सल्लागार."

जंगलाचा पोपट झाला तो असा.

मग साधनं निवडायला समिती बसली. भालेराव, मिठाराम आणि टेकडीवरचं भेकर. भेकराला घेतलं, कारण ते लांब होतं आणि येणार नव्हतं. नमुने तीन आले. पहिली वेळूची नळी. तिच्यातून आवाज खणखणीत गेला, पण ती कानाशी धरली की भालेरावांची मान कलायची आणि शिंगं तिरकी दिसायची. नापास. दुसरा पळसाच्या पानांचा कर्णा. तोही बरा होता. पण तो कोणालाही वळता येत होता.

"ज्याला त्याला करता येतं, तर मग त्यात समितीने निवड काय केली?" भालेरावांनी विचारलं. कर्णा नापास.

तिसरा नमुना साळिंदराने आणला. कवठाच्या पोकळ वाट्या, दोन कानांवर दोन, आणि त्यांना बांधलेली गुळवेल. वेल या झाडावरून त्या झाडावर न्यायची, म्हणजे एकाने वाटीत बोललेलं दुसऱ्याच्या वाटीत उमटतं. प्रत्येक वाटीवर खात्याची खूण म्हणून गेरूचा तांबडा ठिपका. साळिंदर म्हणाला, "आणि साहेब, खरा गुण पुढेच आहे. ही घातली, की बाहेरचं काही म्हणून ऐकू येत नाही. गोंगाट एकदम बंद."

भालेरावांनी वाट्या घातल्या. त्यांच्या कानांच्या मापाने, शिंगांना जागा ठेवून, त्या आधीच कोरून आणल्या होत्या. जंगल नाहीसं झालं. पाखरं गेली, पानं गेली, नदी गेली. उरला तो मिठारामाचा आवाज आणि स्वतःचा.

"वा!" भालेराव म्हणाले. "आता कसं काम केल्यासारखं वाटतंय."

त्या आठवड्यात मिठारामाच्या ढोलीत पेरू कुठून आले, हे कोणी विचारलं नाही.

ठकूबाईने मात्र विचारलं. पेरूंचं नव्हे, वाट्यांचं. "साहेब, आम्ही ओरडतो. सगळ्यांना ऐकू येतं. मग हे कशाला?"

"तेच तर!" भालेराव म्हणाले. "सगळ्यांना आपोआप ऐकू येतं. समन्वय कुठाय?"

"पण साहेब, गोंगाट म्हणजे नक्की काय बंद होणार?"

"मागून येतो तो," मिठाराम म्हणाला.

"जंगलात मागून वाघ येतो," ठकूबाई म्हणाली.

"हे आपण ऑफलाइन घेऊ," मिठाराम म्हणाला, आणि विषय संपला.

वाट्या वाटल्या. हुप्पाजीला मिळाल्या, भेकराला मिळाल्या, वेल त्यांच्यापर्यंत गेली. नदीपात्रात मात्र झाड नाही, म्हणून वेल काठावरच्या शेवटच्या जांभळीपाशी संपली. "तुमचा भाग पुढच्या टप्प्यात," असं ठकूबाईला सांगण्यात आलं. पण वाटी तिलाही दिली. नियम म्हणजे नियम. तिने ती डोक्यावर घेऊन पाहिली, तर ती अख्खीच आत गेली. आत अंधार होता आणि स्वतःच्या काळजाची धडधड. कशीबशी बाहेर आली आणि वाटी तिने गोट्यांत टाकून दिली.

गव्यांनाही वाट्या मिळाल्या. चालत्या जनावराला वेल कुठे बांधणार? त्यांना नुसत्याच. गव्यांना त्या फार आवडल्या. जन्मात पहिल्यांदा माशा ऐकू येत नव्हत्या.

त्याच संध्याकाळी कळप पाण्याला आला. ठकूबाई उठली, समोर गेली, ओरडली. म्होरक्या चालत राहिला. ती त्याच्या डोळ्यांसमोर फडफडली. "डावीकडून! अरे, डावीकडून!" म्होरक्याने पापणी हलवली. पाखरू रोजच फडफडतं, पण रोज त्याचा आवाज असतो. बिनआवाजाचं पाखरू म्हणजे फार तर मोठी माशी. त्याने शेपूट उडवली आणि सरळ आला.

तीन अंडी वाचली. चौथं वाचलं नाही.

ठकूबाई त्या ओल्या डागापाशी किती वेळ उभी राहिली, ते मी मोजलं नाही. मग ती उडाली ती थेट अर्जुनाच्या शेंड्यावर. हुप्पाजी दोन्ही कानांवर वाट्या लावून ताठ बसला होता. तिने त्याची शेपटी ओढली. त्याने एक वाटी जराशी उचलली.

"कोण, ठकूताई? अगं, आज ओरडली नाहीस ती? मला वाटलं गावाला गेलीस."

"घसा फुटेस्तोवर ओरडले, हुप्पाजी. अंडं गेलं माझं."

हुप्पाजीचं तोंड उतरलं. वाईट नव्हता हो तो. "अरेरे," म्हणाला. "पण मी काय करू, सांग. वाटी काढली की तो मिठाराम सगळ्यांदेखत म्हणतो, 'हुप्पाजी तुटले, हुप्पाजी तुटले.' माझी पोरं ऐकतात गं."

"तू रोज मला उत्तर द्यायचास. सात वर्षं."

"ते जुनं झालं. आता बैठकीत मांडायचं. थांब, चालूच आहे. बोल माझ्या वाटीत."

ठकूबाईने वाटीत चोच घातली. काय बोलावं ते तिला सुचेना. टिटवीला इशारा एकच येतो. ती ओरडली. "टिटीव! टिटीव! टिटीव!"

जंगलभरच्या वाट्यांत ते घुमलं. सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी केली.

"मागून फार गोंगाट येतोय," मिठाराम म्हणाला. "हुप्पाजी, जरा म्यूट करता?"

आणि हुप्पाजीने, तिच्याकडे न बघता, वाटीवर हात ठेवला.

चार दिवस गेले. बैठक रोज सूर्य टेकला की व्हायची, कारण शहरातले गृहस्थही त्याच वेळी बसायचे. अर्धा वेळ "आवाज येतोय का?" यात जायचा आणि अर्धा "येतोय" यात. मधे मिठाराम सागाचं पान उंच धरून "स्क्रीन दिसतेय का?" विचारायचा. आपापल्या झाडावरून, टेकडीवरून सगळे "दिसतेय" म्हणायचे. भालेराव फार खूश होते. प्रत्येक गोष्ट आता त्यांना विचारून होत होती. ठकूबाई रोज संध्याकाळी कळपाच्या पायांत शिरायची, एखाद्या गव्याच्या नाकपुडीला चोच मारायची, आणि कसाबसा त्याचा पाय वळवायची. एका पंखाची तीन पिसं त्यात गेली. तीन अंडी राहिली.

पाचव्या दिवशी वाघीण आली.

वाघिणीला या सुधारणेचं कोणी कळवलं नव्हतं. ती नेहमीसारखी नदीच्या वळणावर आली आणि नेहमीसारखी ठकूबाई ओरडली. वाघिणीने सवयीने सुस्कारा टाकला आणि ती परत फिरली. आजही उपास. दोन पावलं गेली, आणि थांबली. पुढचं "खॉक" आलं नव्हतं. टेकडीवरचं भुंकणंही आलं नव्हतं. वाघीण क्षणभर बसली. तिने विचार केला. मग ती पोट जमिनीला लावून पुढे सरकू लागली.

समोर जांभळीखाली भालेराव उभे होते, बैठकीत गुंतलेले, वाघिणीकडे पाठ करून.

ठकूबाई अंड्यांवरच बसून राहिली असती, तर तिला कोणी नावं ठेवली नसती. मी तर नसतीच ठेवली. चौथ्या अंड्याचं पाप त्या शिंगाड्याच्याच माथी होतं. पण काही जणांना ओरडल्याशिवाय राहवत नाही. ती तीन अंडी उघड्यावर टाकून उठली, भालेरावांच्या तोंडासमोर गेली आणि फडफडत, जिवाच्या आकांताने ओरडू लागली.

भालेरावांना दिसली ती एक चोच. उघडत होती, मिटत होती. उघडत होती, मिटत होती. आवाज नाही.

त्यांचा चेहरा उजळला. पाच दिवस ते या संधीची वाट पाहत होते. ते वाक्य आजवर फक्त मिठाराम म्हणायचा. भालेराव मायेने हसले आणि म्हणाले,

"ठकूबाई, तुम्ही म्यूटवर आहात."

ते त्यांचं शेवटचं वाक्य.

वाट्यांमधून सगळ्यांना धडपड ऐकू आली, खुरांचा आवाज, मग एक लांब हंबरडा. मिठारामाने कपाळाला आठ्या घातल्या. "मागून फार गोंगाट येतोय," तो म्हणाला. "भालेराव, जरा म्यूट करता?"

आवाज बंद झाला.

"हां. आता कसं स्वच्छ येतंय. आणखी कोणाला काही?"

कोणालाच काही नव्हतं. बैठक वेळेत संपली, ती पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. वाट्या लावूनच. दोन मिनिटं सगळे म्यूट झाले. इतकी शांत, इतकी नेटकी बैठक त्या जंगलात आजवर झाली नव्हती. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग चौकशी. मिठारामाने काठावरच्या जांभळीवर बसून निष्कर्ष मोठ्याने वाचून दाखवले. प्रसंगाच्या वेळी नदीच्या टोकाकडून उपकरणामार्फत कोणताही इशारा मिळाला नाही. टिटवीने उपकरण घातलेलं नव्हतं, ही गोष्ट खेदजनक आहे. वाट्या आणखी जाड हव्यात, कारण शेवटी शेवटी थोडा गोंगाट आत आलाच. भालेरावांची एक वाटी शाबूत मिळाली, हे समाधानकारक आहे. परंतु दुसरीचा कपचा उडाला, ही गोष्ट गंभीर आहे. यापुढे ठिपक्याच्या वाटीला जो पाय लावील, त्याला तीन दिवस पाणवठा बंद.

वाघिणीला नोटीस द्यावी असंही निघालं. पण नेऊन देणार कोण? तो विषय ऑफलाइन घेतला.

"आणि पुढचं धोरण?" हुप्पाजीने विचारलं. त्याचा आवाज जरा बसला होता.

मिठाराम गंभीर झाला. "कुकर बंद करा," तो म्हणाला, "तीन शिट्ट्या झाल्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव एकमताने मंजूर.

नियम गव्यांनाही सांगायचा होता. म्हणून एकेकाच्या वाट्या काढल्या, नियम सांगितला आणि वाट्या परत घातल्या. मधल्या वेळात त्यांच्या कानांत आणखी काही सांगायला हवं होतं, असं कोणाला सुचलं नाही.

हे सगळं ठकूबाईने गोट्यांत बसून पाहिलं. तिने तिच्यावरचा ठपका ऐकला. तो वाटीचा नियमही ऐकला. मग ती उठली. पाच दिवसांपूर्वी टाकून दिलेली वाटी तिथेच पडली होती, तांबड्या ठिपक्याची. ठकूबाईने ती चोचीने ढकलत, पायाने लोटत आणली, आणि तीन अंड्यांवर पालथी घातली. ठिपका वर.

सूर्य टेकला. कळप आला. ठकूबाई बाजूला उभी राहिली. आज ती ओरडली नाही. फडफडली नाही.

म्होरक्याने पाय उचलला. खाली पाहिलं. पाय तसाच हवेत राहिला.

मग तो पाय हळूच, अगदी जपून, डावीकडे पडला. मागचा गवा डावीकडे वळला. त्याच्या मागचाही. अख्खा कळप, एवढाली धुडं, माना खाली घालून, देवळासमोरून जावं तशी वाटीला वळसा घालून गेली. जाताना एक म्हातारी गवी तर वाटीपुढे थबकून, मान लववून गेली.

तुम्हांला वाटेल ठकूबाईला हायसं वाटलं असेल. वाटलं. पण त्याहून जास्त राग आला. म्हणजे यांना वळता येत होतं!

पुढे रोज तेच. दिवसभर ती वाटी कलती ठेवून अंडी उबवायची, ऊन चढलं की पोट भिजवून आणून त्यांना गारवा द्यायची, आणि कळपाच्या वेळेला वाटी पालथी. खात्याच्या अहवालात नोंद झाली, की नदीच्या टोकाकडील कर्मचारी उपकरणाचा नियमित वापर करू लागली आहे. मिठारामाने तिचं कौतुक केलं. ते तिला कोणी कळवलं नाही, कारण वेल तिथवर जात नव्हती.

संध्याकाळी एकदा तरी ती अर्जुनाकडे तोंड करून ओरडायची. सवय. "टिटीव!" मग ऐकत राहायची. शेंड्यावरून काही यायचं नाही. टेकडीवरूनही नाही. वाघीण अधूनमधून येऊन कोणाला तरी घेऊन जायची, आणि बैठका वेळेत संपत होत्या.

अकराव्या दिवशी कळप वळसा घालून गेला. ठकूबाई अर्जुनाकडे वळली आणि ओरडली, "टिटीव!" ती ऐकत राहिली. शेंडा गप्प.

आणि पायाशी, पालथ्या वाटीखालून, कोणीतरी म्हणालं, "टी?"

मग दुसरं. मग तिसरं. बारीक, दबलेले, कवठाच्या आतून आल्यासारखे. किती दिवसांनी तिच्या हाकेला उत्तर आलं होतं.

ठकूबाईने वाटीची कड उचलली, आणि बाळांनो, ती रडली.

तात्पर्य : आपल्या सोबत्याची हाक ऐकावी, हे तात्पर्य जुन्या गोष्टींत असायचं. ते वाटीबाहेरचं आहे. आता लक्षात ठेवायचं ते एवढंच : पिल्लं जगवायची असतील तर ओरडू नये, त्यांच्यावर खात्याचं उपकरण पालथं घालावं. जीव तुडवला तर फार तर चौकशी होते. उपकरण तुडवलं तर शिक्षा.